अडतं ते ऑक्सिजनपाशी

प्रश्न : बारावीच्या प्रकल्पासाठी विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा होता, म्हणून स्टीलचे दोन चमचे मिठाच्या पाण्यात बुडवून १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावला. हायड्रोजनचे बुडबुडे आले, पण पाणी हिरवट-पिवळं झालं, गाळ बसला आणि नाकात झोंबणारा वास येतोय.

आधी अ‍ॅडाप्टर काढा, खिडकी उघडा, मग पुढचं वाचा. तो वास क्लोरीनचा, मिठातून आलेला. आणि धन टोकाचा चमचा हळूहळू विरघळतोय. स्टीलमधलं लोखंड गाळात जातं, क्रोमियमपासून क्रोमेट तयार होऊ शकतं, आणि ते विषारी असतं. म्हणून ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बरणीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.

मिठाऐवजी धुण्याचा सोडा आणि चमच्यांऐवजी निकेलची पट्टी घ्या. बॅटरी पॅक जोडायला मिळते ती चालेल, फक्त शुद्ध निकेलची आहे ना ते विचारा. मुलामा दिलेली असेल तर कापलेल्या कडेला गंज धरतो. व्होल्टेजही उतरवा, तीन-चार व्होल्ट पुष्कळ झाले.

प्रश्न : एक किटवाला म्हणतो, इलेक्ट्रोडला, म्हणजे पाण्यात बुडवायच्या पट्टीला, प्लॅटिनमचा थर दिला की नाममात्र विजेत हवा तेवढा गॅस मिळतो. घ्यावं का?

पैसे वाचवा. २५ अंशांना पाणी फोडायला निदान १.२३ व्होल्ट लागतातच, बाहेरून उष्णता दिली नाही तर १.४८. प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक हा हिशेब बदलत नाही, त्यावरचा जादा व्होल्टचा भुर्दंड कमी करतो. एक किलो हायड्रोजनला १.४८ व्होल्टने साधारण ३९ युनिट वीज लागते, १.९ व्होल्टने ५० च्या वर. सगळी झटापट या मधल्या अकरा युनिटांसाठी.

त्यातला मोठा वाटा खातो तो ऑक्सिजन. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, ऑक्सिजनच्या रेणूला चार काढून घ्यावे लागतात. प्लॅटिनम ऋणाग्रावर, म्हणजे हायड्रोजन निघतो त्या ऋण टोकावर उत्तम, पण खरी अडचण समोरच्या धनाग्रावर असते, जिथे ऑक्सिजन निघतो.

प्रश्न : मग कारखान्यात कोणता धातू वापरतात?

कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात निकेल. भाक्राच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात पाण्यापासून हायड्रोजन काढत, आणि त्याच वायूच्या जोरावर १९६२ मध्ये तिथे देशातला पहिला जड पाण्याचा (अणुभट्टीत लागतं त्या पाण्याचा) प्रकल्प सुरू झाला. म्हणजे हे तंत्र आपल्याला काल-परवा कळलेलं नाही.

निकेलचा पृष्ठभाग वाढवायची युक्ती मला फार आवडते. निकेल-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जाळीवर चढवायचा आणि कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळू द्यायचं. मागे राहतं ते स्पंजासारखं रेने निकेल. त्याची भुकटी ओलीच ठेवावी लागते. विद्यार्थी असताना मी गाळणकागद टेबलावर विसरलो, आणि सुकल्यावर तो कडेने लाल होत जळत गेला. सरांनी वाळूची बादली रिकामी केली, मग माझ्याकडे पाहिलं.

दोन टोकांच्या मध्ये कॉस्टिकच्या द्रावणाऐवजी आम्लधर्मी पडदा असतो त्या यंत्रात मात्र धनाग्रावर निकेल टिकत नाही, तिथे इरिडियम हा दुर्मीळ धातू लागतो. तो जगभरात वर्षाकाठी दहा टनसुद्धा निघत नाही, तोही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीतलं जोडउत्पादन म्हणून.

प्रश्न : नळाचं पाणी चालेल का?

नाही. ऋणाग्रावर किटलीत बसतो तसा पांढरा थर चढतो. डिस्टिल्ड घ्या.