‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ म्हणजे काय?
दोघंही सारखेच बेरकी, एकमेकांना पुरते ओळखून असलेले. तिथे एकाची चलाखी दुसऱ्यावर चालत नाही. ‘मला शिकवू नकोस’ असं बजावतानाही ही म्हण वापरतात.

बोर आणि बाभूळ देशावरच्या कोरडवाहू रानात एकाच बांधावर उगवतात. दोन्ही काटेरी, पण काटे नीट बघा. बाभळीचे जोडीने येतात, लांब, सरळ, पांढुरके. बोरीच्या जोडीत बहुधा एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकलेला. बोरं तोडताना बाही अडकते ती याच आकड्यात, आणि हिसका दिला की फाटतेच. लहानपणी पायात मोडलेला काटा आजी बाभळीच्या काट्यानेच काढायची. ‘काट्याने काटा काढणे’ मला तिथेच कळलं. माझ्या मते म्हणीतली खरी गंमत ‘त्याच गावच्या’ या शब्दांत आहे: माती एक, म्हणून ओळख पक्की.