मुलगा 18 चा झाला, आता गाडी हातात द्यायची का?

ताई, तुमचं म्हणणं एवढंच ना, की मुलाचा ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स झाला, लायसन्स पुढच्या महिन्यात येईल पण एकटा सोडायला जीव होत नाही, मिस्टर शेजारी बसले की बापलेकाचं वाजतं, आणि वर 16 वर्षांच्या धाकटीला क्लासला ॲक्टिव्हा हवीये. मी दोन्ही पोरांना आणि एका भाच्याला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तयार केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कूलवाले टेस्टपुरतं शिकवतात, त्यात त्यांच्या गाडीत शेजारच्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, त्यामुळे अर्ध्या वेळा गाडी सर थांबवतात आणि पोराला वाटतं आपणच थांबवली. घरच्या गाडीत ती सोय नाही.

न्यूझीलंडमध्ये 1987 पासून लायसन्स टप्प्याटप्प्याने देतात. मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायची नाही, आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. आपल्याकडे लर्निंगला 30 दिवस झाले की परमनंटची टेस्ट देता येते आणि पास झाला की दुसऱ्या दिवशी चार दोस्त भरून लोणावळ्याला निघायला पोरगा मोकळा! म्हणून हा मधला टप्पा आपणच घरात लावायचा. पहिले सहा महिने मित्र नाहीत, उशिराची रात्र नाही, आणि काहीही नवीन असेल तर पहिल्यांदा मोठं कुणीतरी शेजारी हवंच. रविवारी सकाळचे मोकळे रस्ते, मग ऑफिसची गर्दी, मग पाऊस, मग रात्र, घाट सगळ्यात शेवटी.

पावसाचं मुद्दाम सांगतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून नुसता चिखल होतो, ब्रेक मारला तरी गाडी सरकत जाते, आणि त्यातच काच आतून धुरकटते. बऱ्याच पोरांना एसीची हवा काचेवर कशी सोडायची हेच माहीत नसतं, चालत्या गाडीत बटणं शोधत बसतात, ते घरी पार्किंगमध्येच करून घ्या. घाटात उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, नाहीतर सारखा ब्रेक दाबून तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तर मोठ्यांनाही सांगावं लागतं.

आता भांडणाचं. "अरे ब्रेक ब्रेक!" असं ओरडलं की पोरगं दचकून नको तिथे करकचून दाबतं, आणि मागे टेम्पो असतो. त्यापेक्षा त्यालाच बोलायला लावा, समोर काय दिसतंय आणि आता काय होईल ते. "रिक्षाचं पुढचं चाक वळलंय, हा हात न दाखवता घुसणार", "थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी पळत येईल", असं. तो बोलत राहिला की त्याला काय दिसलंय आणि काय सुटलंय ते आपल्याला कळतं, तेवढंच आधी आणि हळू सांगायचं. बाकीची शाळा घरी आल्यावर चहा घेताना. तरीही जमत नसेल तर मामाला बसवा, खरंच, बापापेक्षा मामाचं जास्त ऐकतात 😀

आणि मिस्टरांना सांगा, मांडीवर फोन ठेवून सिग्नलला मेसेज वाचणं बंद, पोरगा लहानपणापासून मागच्या सीटवरून तेच बघत आलाय. तो गाडी घेऊन गेला की तुम्हीपण "पोचलास का" म्हणून फोन करू नका, तो उचलणार ना चालवताना!

धाकटीला मात्र सरळ नाही म्हणा. 16 ला जे लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं, ॲक्टिव्हा 110 नाहीतर 125 ची असते. सोसायटीतली सगळी पोरं चालवतात हे मलाही माहितीये, पण मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि तिला स्वतःला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. दुकानदार "याला लायसन्स लागत नाही" म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर दाखवेल तेव्हा कागदावर मोटर 250 वॅटपर्यंत आणि स्पीड ताशी 25 किमीपर्यंतच आहे ना ते बघूनच पैसे द्या, आणि घेतलीत तर हेल्मेट त्याच दिवशी घ्या.