व्हिसा सहा महिन्यांचा, मुक्काम किती दिवसांचा?

प्रश्न : मुलगी परदेशात नोकरी करते. ती आणि जावई म्हणतात, "या वेळी सहा महिने निवांत राहा." व्हिसाही मिळाला आहे. पण दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून खटके उडायला लागले. मी स्वयंपाकघरातली कपाटं आणि खण लावून ठेवले, त्यावरून जावई तुटक बोलले, मुलगी रडली. दिवसभर घरात कोंडल्यासारखं व्हायचं. यजमानांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. लेकीची ओढ आहे, पण पुन्हा तसंच झालं तर?

ताई, जरूर जा. पण या खेपेला सहा ते आठ आठवडेच. तिकीट काढण्याआधी परतीची तारीख मुलीइतकीच जावयांनाही स्वतः सांगा. मुक्काम किती, हे व्हिसावरून ठरवू नका. त्यांच्या घरी सोमवार ते शुक्रवार काय चालतं, त्यावरून ठरवा. फोनवर मुलीला तीन गोष्टी विचारा : दोघं कामावर किती वाजता जातात आणि येतात, घरातून काम कोण कोणत्या दिवशी करतं, आणि त्या दिवशी कुठली खोली लागते. बरेच खटके या खोलीवरूनच उडतात. आई-वडील बैठकीच्या खोलीत मोठ्याने फोनवर बोलत असतात आणि भिंतीपलीकडे कुणाची तरी मीटिंग चालू असते.

कपाटांबद्दल स्पष्टच लिहिते. तुम्ही मदत केलीत, यात शंका नाही. पण सकाळी कामाला निघालेला माणूस हात घालतो त्याच खणात रोजची चावी नसेल, तर त्याला आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं वाटतं. जावई तुटक बोलले ते बहुधा त्यामुळे. त्यांच्या वस्तूंच्या जागा बदलू नका. एक काम मागून घ्या आणि ते पूर्णपणे तुमचंच ठेवा, मग ते धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असोत किंवा झाडांना पाणी. आणि शनिवार-रविवारपैकी एक दिवस त्या दोघांना मोकळा सोडा.

कोंडल्यासारखं होतं, कारण एकट्याने बाहेर पडायची भीती वाटते. पहिल्या आठवड्यात एकच रस्ता पक्का करा : घर ते वाचनालय किंवा बाग. दोनदा मुलीबरोबर, तिसऱ्यांदा तुम्ही पुढे आणि ती मागे, चौथ्यांदा तुम्ही दोघंच. घराचा पत्ता, मुलीचा नंबर आणि तिथला आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा (युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००). मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही. शेगडी, गरम पाण्याचा नळ, हीटर, आपोआप लागणारं दार आणि धुराचा अलार्म या गोष्टी मुलीसमोर स्वतःच्या हाताने चालवून बघा. बँकेचा ओटीपी परदेशात येईल का, याची खात्री घरूनच करा. नाहीतर साध्या खर्चासाठीही मुलीकडे हात पसरावा लागतो आणि तेच मनाला लागतं.

आता यजमानांचं इन्सुलिन. इथे चूक परवडणार नाही. ते चेक-इनच्या बॅगेत कधीही ठेवू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं. साठा दोघांच्या हातातल्या पिशव्यांत अर्धा-अर्धा ठेवा. मुक्कामाला पुरून निदान दोन आठवड्यांचा जास्त घ्या. डॉक्टरांचं पत्र हवं, आणि त्यात ब्रँड नव्हे तर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि सुया लागतात हे लिहिलेलं हवं. इन्सुलिनच्या पेनला सुई लावून ठेवू नका; हवेचा दाब बदलला की बुडबुडे येतात. जेवण येतंय अशी घोषणा झाली म्हणून लगेच इंजेक्शन घेऊ नये, ताट समोर आल्यावरच घ्यावं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना आखूड होतो, त्यामुळे त्या दिवशीच्या मात्रा बदलू शकतात. त्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने नको.

यजमान कुपीतून सिरिंजने घेत असतील, तर आणखी एक धोका आहे. काही ठिकाणी इन्सुलिन एका मिलीलीटरला ४० युनिटचं मिळतं, बहुतेक देशांत १०० युनिटचं. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं, तर मात्रा अडीच पट होते. म्हणून इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंज, दोन्ही पुरेसं बरोबर न्या. काही देशांत रक्तातल्या साखरेचे आकडेही वेगळ्या मापात असतात : तिथला डॉक्टर १० म्हणाला, तर ती आपल्या मापात १८० असते.

विमा घेताना आधीपासूनच्या आजाराचं कलम आधी वाचा. अनेक स्वस्त योजना मधुमेहाशी संबंधित खर्च देतच नाहीत, काही फक्त अचानक उद्भवलेला त्रास धरतात. पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, तेही बघा. दातांची दुखणी निघण्याआधीच उरकून घ्या.

सीमेवर जे विचारतील त्याचं खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. मुलीचा पत्ता, परतीचं तिकीट आणि विमा छापील असू द्या. मुलीच्या बाळाला दिवसभर सांभाळायचं ठरलं असेल, तर पाहुण्याच्या व्हिसावर ते चालतं का, हे तिने आधी तपासावं. व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे राहायची मुदत नव्हे. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी आय-९४ या नोंदीत जी तारीख पडते, तीच खरी. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यात येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस मोजतात.

विमानतळावर चालण्याचा किंवा चुकण्याचा धाक असेल, तर व्हीलचेअर मदत निदान ४८ तास आधी नोंदवा, त्यात कमीपणा नाही. वाटेत विमान बदलायचं असेल, तर मध्ये निदान तीन तास ठेवा.

आठ आठवडे संपत आल्यावर मुलगी "अजून राहा" म्हणेलच. तेव्हा लगेच हो म्हणू नका. यजमानांचं औषध, विमा आणि मुदत तिन्ही पुरत असतील तरच तारीख हलवा, आणि तेही आधी जावयांना विचारून.