बारावीनंतर थिऑलॉजी शिकायला इंग्लंडला येणाऱ्या मुलीस

सलाम. तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, ते आधी एका जागी आणते. यंदा बारावी, घर भांडुपला, चर्चमध्ये संडे स्कूल घेतेस, पुढे पाळकीय सेवेत, म्हणजे चर्चची पाद्री म्हणून, यायचं मनात आहे. अंधेरीचा एक एजंट म्हणतो, इंग्लंडला ‘थिऑलॉजी अँड मिनिस्ट्री’मध्ये (ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि पाळकीय काम) तीन वर्षांचं बीए कर, तिथल्या चर्चला माणसं हवीच आहेत, नोकरी लागून जाईल. पप्पा गावाकडची जागा विकायला तयार आहेत. तुला फी, विसा, काम आणि अभ्यास यांबद्दल विचारायचंय आणि शेवटी लिहिलंयस, “ताई, मी पाळक होईन ना?” मी या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. बाकीची उत्तरं त्यावरच ठरणार आहेत.

या पदवीने तू पाळक होत नाहीस. इथे इंग्लंडमध्ये नाही आणि मुंबईतही नाही. पदवी विद्यापीठ देतं, पाळकपदाची दीक्षा मंडळी, म्हणजे चर्च, देते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ज्यांना दीक्षा घ्यायची असते त्यांची आधी डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांतात, बराच काळ पारख होते. बिशपांनी पाठिंबा दिला की चर्चच त्यांना प्रशिक्षणाला पाठवतं आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्चही चर्चच्या निधीतून होतो. तू स्वतःच्या पैशांनी त्यांच्याच वर्गात बसशील, तेच पेपर लिहिशील. कोर्स संपला की ते क्युरेट, म्हणजे सहाय्यक पाळक, म्हणून रुजू होतील आणि तू विसाची तारीख बघत बसशील. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट यांच्या रीती वेगळ्या, पण आधी मंडळीने पारखायचं आणि मग शिकायला पाठवायचं हा क्रम सगळीकडे तोच.

आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तरी वेगळं काय आहे? आधी पास्टोरेट कमिटी (स्थानिक चर्चची समिती), मग डायोसिस, बिशपसाहेबांची मुलाखत, आणि मग बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजशी जोडलेल्या एखाद्या सेमिनरीत बीडी, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या त्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. आपल्याकडचे बहुतेक पाळक आजही तिथल्याच सिनेटची पदवी घेऊन येतात. बीडीला कोणत्याही विषयाचे पदवीधर चालतात. म्हणजे तू इंग्लंडचं बीए घेऊन परत आलीस तरी डायोसिस बहुधा म्हणेल, “छान झालं, आता बीडी कर.” तेच बीए विल्सनला किंवा झेवियर्सला इतिहास, समाजशास्त्र नाहीतर तत्त्वज्ञान घेऊन केलंस, तर लोकलच्या पासात होतं.

आता पैसे. आकडे २०२५ अखेरचे आहेत आणि इथलं सरकार ते सारखं वाढवत असतं, तेव्हा अर्ज करताना सरकारी साइटवर ताजे आकडे बघून घे. परदेशी विद्यार्थ्याची फी छोट्या कॉलेजात वर्षाला तेरा-चौदा हजार पाउंडांच्या आसपास सुरू होते आणि नावाजलेल्या विद्यापीठांत पंचवीस हजारांच्याही वर जाते. राहण्या-खाण्याचे म्हणून लंडनबाहेर महिना १,१७१ पाउंड आणि लंडनमध्ये १,५२९ पाउंड, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात, आणि ते सलग २८ दिवस खात्यात पडून असले पाहिजेत. काकांकडून आठ दिवसांसाठी आणून ठेवले, असं चालत नाही. विसाची फी ५२४ पाउंड. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड, तोही पूर्ण विसाच्या मुदतीचा आणि आगाऊ. तीन वर्षांच्या कोर्सला विसा थोडा जास्त मुदतीचा मिळतो, त्यामुळे हाच एक खर्च २,७०० पाउंडांच्या पुढे जातो. पाउंड ११५ रुपयांना धरलास आणि फी मधली, म्हणजे १८ हजार धरलीस, तरी एका वर्षाचे ३२ लाखांच्या वर होतात. तीन वर्षांचा आकडा पप्पांसमोर बसून मांड. एजंटने तो मांडून दाखवला नसणार, कारण त्याला कमिशन बहुतेक वेळा कॉलेजकडूनच मिळतं.

स्कॉलरशिपवर फार भिस्त ठेवू नकोस. ज्या स्कॉलरशिपची नावं तू ऐकली असशील त्या बहुतेक पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्ससाठी मिळते, आणि तीही कामाचा अनुभव असेल तरच. बारावीच्या मुलीला थिऑलॉजीसाठी पूर्ण फी देणारा कुणी भेटणं फार दुर्मीळ. कॉलेजं स्वतः थोडी सूट देतात, ती जरूर माग.

कामाबद्दल एजंटने तुला अर्धंच सांगितलंय. स्टुडंट विसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, हे खरं आहे. पण ते नियम पाळण्याचा चांगला पूर्वेतिहास म्हणून सरकारने मान्य केलेल्या उच्चशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना. काही लहान बायबल कॉलेजांकडे विसा स्पॉन्सर करायचा परवाना असतो, पण हा दर्जा नसतो, आणि मग पगारी काम अजिबात करता येत नाही. बऱ्याच कॉलेजांकडे तर परवानाच नसतो. परवानाधारकांची यादी सरकारी साइटवर उघडी आहे, त्यात नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. काम मिळालंच, तरी तुझ्या वयाला किमान वेतन २०२५ अखेर तासाला १० पाउंड होतं (२१ वर्षांनंतर १२.२१). त्यातून एखाद्या लहान शहरात खोलीचं भाडं आणि किराणा निघेल, फी नाही. स्वतंत्र व्यवसाय या विसावर चालत नाही. कुणाच्या लग्नात पेटी वाजवून मानधन घेतलंस तरी अडचणीत येशील.

“चर्चला माणसं हवीत” हेही तसंच अर्धं खरं. माणसं हवीतच. आमच्या इथे रविवारी बाकांवर पांढरी डोकी असतात, आणि मधल्या रांगा नायजेरियन आणि मल्याळी कुटुंबांनी भरतात म्हणून गायनमंडळ टिकून आहे. पण परदेशी माणसाला पगारावर ठेवायचं तर चर्चकडे वेगळा स्पॉन्सर परवाना लागतो, आणि ती कटकट लहान मंडळ्या करत नाहीत. पदवीनंतर ग्रॅज्युएट विसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बीए-एमएवाल्यांना तो दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे, आणि तू त्यातच येतेस.

अभ्यासाबद्दल मात्र मनापासून लिहावंसं वाटतं, कारण या सगळ्या हिशेबात तेवढं एक आनंदाचं आहे. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, सिद्धांत, नीतिशास्त्र आणि पाळकीय सेवा हे विषय असतातच. मिनिस्ट्रीचा कोर्स असेल तर एखादं चर्च, हॉस्पिटल किंवा तुरुंग इथे प्लेसमेंट असते. तिथे रोजनिशी ठेवायची आणि आपण अमुक वेळी तसंच का वागलो, यावर निबंध लिहायचा. मुंबईत आपल्याला हे कुणी विचारत नाही, त्यामुळे पहिले काही महिने विचित्र वाटतं. ग्रीक घे. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत केलं असशील तर विभक्त्या तुला घाबरवणार नाहीत. शेजारची इंग्रज मुलं ‘लोगोस’ चालवताना घामाघूम होतात, तेव्हा ‘देव’ पाठ केल्याचं सार्थक होतं.

खरा धक्का दुसरीकडे बसतो. पहिल्याच टर्ममध्ये प्राध्यापक शांतपणे सांगतात की यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय बाबेलच्या बंदिवासातल्या कुणा दुसऱ्या संदेष्ट्याचे आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओव्या सायनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत नाहीत. तीमथ्याला लिहिलेली पत्रं पौलाने स्वतः लिहिली की नाही, यावर वाद आहे. आपण लहानपणापासून ज्या वचनांवर संडे स्कूलची बक्षिसं मिळवली, तीच टेबलावर ठेवून चिरतात. काही मुलं चिडतात, काही गप्प होतात, एखाददुसरं घरी परततं. मला वाटतं हे शिकायलाच हवं. पाळकाने मंडळीपेक्षा कमी प्रश्न विचारलेले असू नयेत. पण अठराव्या वर्षी, आई आणि पाळकसाहेब सात हजार किलोमीटर लांब असताना, हे एकटीने पचवायचं आहे याचा विचार कर. आणि निबंधात ‘पवित्र शास्त्र म्हणतं’ लिहून पूर्णविराम दिलास तर मार्क मिळणार नाहीत. ते कुठे म्हणतं, कुणाला म्हणतं आणि त्यावर कुणी काय आक्षेप घेतलाय, हे सगळं लिहावं लागतं.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इथे आल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मग त्याच सिस्टर्सशी त्यांनी त्र्यैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून कडकडून वाद घातला. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं. वर्गात भारताचा विषय निघाला की प्राध्यापकांना मदर तेरेसांपलीकडे फारसं आठवत नाही. तेव्हा बाईंचं नाव काढायचं काम आपल्यालाच करावं लागतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग या लोकांना माहीत नाहीत याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं, आता मी सरळ निबंधात घालते.

माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते. तुला मुंबईच्या मंडळीत पाळक व्हायचं असेल तर आत्ता येऊ नकोस. मुंबईतच बीए कर, त्या तीन वर्षांत पास्टोरेट कमिटीला तुझी ओळख होऊ दे, मग पुण्याला युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत किंवा बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकलमध्ये बीडी कर. त्यानंतर इंग्लंडला मास्टर्सला ये. ते बहुधा एका वर्षाचं असतं, स्कॉलरशिपची शक्यता तेव्हाच असते, आणि ग्रीक येत असल्याने त्या वर्षाचं सोनं होतं. तुला अभ्यासक किंवा शिक्षिका व्हायचं असेल, किंवा हॉस्पिटलमधल्या चॅपलिनसीसारखं (रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्याचं) काम करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. मग एजंटने सुचवलेलं कॉलेज सोड आणि थिऑलॉजीचा जुना विभाग असलेल्या विद्यापीठांकडे बघ, डरम किंवा एडिनबरासारख्या. स्कॉटलंडला पदवी चार वर्षांची असते, म्हणजे एका वर्षाचा खर्च वाढला, हे विसरू नकोस. स्टेट बोर्डाची बारावी कुठे थेट चालते, कुठे जास्त टक्के मागतात, कुठे आधी फाउंडेशनचं वर्ष करायला लावतात. हे प्रत्येक ठिकाणी मेल टाकूनच विचारावं लागेल.

लहान कॉलेजांबद्दल आणखी एक. तिथे प्राध्यापक तुला नावाने ओळखतात, दुपारी एकत्र जेवतात, आणि माझ्या मते पाळकीय शिक्षण तिथेच चांगलं होतं. पण त्यांची आर्थिक प्रकृती तोळामासा असते. लंडनचं स्पर्जन्स कॉलेज १८५६ पासून पाळक घडवत होतं, तेही २०२५ च्या उन्हाळ्यात पैशांअभावी बंद पडलं. परदेशी विद्यार्थ्याचा विसा कॉलेजला बांधलेला असतो, त्यामुळे अशा वेळी त्याचे हाल इतरांपेक्षा जास्त होतात. म्हणून ऑफर आली की विचार, पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळेल, आणि कॉलेज मध्येच बंद झालं तर कोर्स कुठे पुरा करून देणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी माग. इथे त्याला ‘स्टुडंट प्रोटेक्शन प्लॅन’ म्हणतात आणि नोंदणीकृत संस्थेकडे तो असायलाच हवा.

तरीही यायचं ठरलं, तर मुंबईत दोन कामं लवकर उरक. टीबीची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. आणि पासपोर्ट ऑफिसकडून पोलीस क्लिअरन्स घेऊन ठेव. प्लेसमेंटला लहान मुलांमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये पाठवण्याआधी तो मागतात, आणि इथून मागवायला फार वेळ जातो. विसाच्या मुलाखतीत बारावीनंतर हाच कोर्स का, हे नक्की विचारतील. एजंटने पाठ करून घेतलेलं उत्तर देऊ नकोस. संडे स्कूलमध्ये काय करतेस ते सांग.

डिपॉझिट मात्र इतक्यात भरू नका. विसा नाकारला गेला तर ते परत मिळतं की नाही हे प्रत्येक कॉलेजच्या अटींवर असतं, आणि त्या अटी ऑफर लेटरच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात असतात. ते लेटर आलं की मला पाठव. रविवारी उपासना झाल्यावर मला वेळ असतो, पप्पांनाही फोनवर बसव.