पार्सलं लावायची नोकरी, की जागेचं गणित?

प्रश्न : मी तासगावचा द्राक्ष बागायतदार. मुलगा सांगलीत बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत विश्रामबागच्या एका कुरिअर गोडाऊनमध्ये कामाला गेला आणि आता म्हणतो, एमपीएससी नको, याच लाइनमध्ये जायचंय. शिकून हमालीच करायची का?

उत्तर : त्याला तिथलं नेमकं काय आवडलं, हे विचारलंत का? दिवाळीत पार्सलांचे ढीग गोडाऊनच्या दारापर्यंत येतात आणि एरवी निम्मे रॅक रिकामे, हे त्याच्या डोळ्यांत भरलं असेल, तर पोरगा योग्य जागी बघतोय.

तुम्ही बेदाणा शीतगृहात भाड्याने ठेवता, चार महिन्यांसाठी स्वतःचं शीतगृह बांधत नाही. शहरातल्या पार्सलांनाही हेच लागू. थोडी जागा वर्षाच्या कराराने स्वस्तात घ्यायची, बाकीची गर्दीपुरती : एखादा गाळा, किराणा दुकानाचा कोपरा. समजा, रॅकच्या एका खणाला कायमचं भाडं रोज 4 रुपये पडतं, भरो वा न भरो, आणि ऐनवेळी घेतला तर लागेल त्या दिवसाचे 10. मग जो खण वर्षातले 40 टक्क्यांहून जास्त दिवस भरतो, तेवढाच कायमचा घ्यावा. इथे सरासरी फसवते. रोजच्या आकड्यांचा 60वा पर्सेंटाइल पाहावा लागतो, म्हणजे वर्षातले 60 टक्के दिवस ज्याच्या आत बसतात तो आकडा. हा तर त्याच्याच अभ्यासक्रमाचा विषय! त्यात सांगलीत 2019 आणि 2021 चा पूर. गावभागातला गाळा कितीही स्वस्त मिळाला, तरी पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. हे मुंबईत बसून आखणाऱ्याला सुचेलच असं नाही.

मात्र पार्सलं लावता लावता माणूस या नियोजनाच्या खुर्चीत पोचतोच असं नाही. म्हणून पदवी सोडू देऊ नका. एक्सेलमधला सॉल्व्हर (सर्वांत स्वस्त पर्याय शोधून देणारं साधन), पायथन ही संगणकभाषा आणि लिनिअर प्रोग्रामिंग (मर्यादेत राहून खर्च कमीत कमी ठेवण्याचं गणित) आत्ताच शिकू दे. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत. व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा कॅट जमली तर आयआयएम मुंबई, म्हणजे 2023 पर्यंतची निटी. लाखभर रुपये घेऊन सहा महिन्यांत ‘सप्लाय चेन एक्स्पर्ट’ (मालाच्या साठवणीचा आणि पोचवण्याचा तज्ज्ञ) बनवणाऱ्यांकडे मात्र पाठवू नका. नोकऱ्या बहुतेक पुण्या-मुंबईत किंवा बंगळूरला, याचीही मनाची तयारी ठेवा. एमपीएससीचं दार पदवीनंतरही उघडंच आहे.

तूर्त त्याला त्या गोडाऊनमधून वर्षभराचे रोजचे पार्सलांचे आकडे मागू द्या, ग्राहकांची नावं-पत्ते वगळून. किती खण कायमचे घ्यावेत, हे त्याने तुम्हाला कागदावर मांडून दाखवावं. मांडताना रमला, तर अडवू नका.