सावळ्या, तेलकट चेहऱ्याला कोणतं फाउंडेशन घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की रंग सावळा, चेहरा तेलकट आणि मे महिन्यात नांदेडला बहिणीचं लग्न. कंपनी कोणती घ्यायची ते नंतर बघा. आधी दुकानदाराच्या एका वाक्यापासून सांभाळा: "लग्न आहे ना, एक शेड उजळच घ्या."

मी ऐकलं होतं त्याचं. परभणीत भावाच्या लग्नात. हॉलच्या लाइटमध्ये बरं दिसलं, पण अल्बम आला तेव्हा चेहरा राखुंडी आणि मान माझीच, जशी आहे तशी. मावशी म्हणाली, "काय गं, गिरणीतून दळण घेऊन थेट मांडवात आलीस का?"

तेव्हापासून मी शेड मानेशी जुळवते. मनगटावर लावून बघायचं नाही, तिथला रंग चेहऱ्यासारखा नसतो. जबड्याच्या कडेला जवळजवळच्या तीन शेड्सच्या बारीक रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात आरसा धरा. जी रेघ शोधावी लागते ती तुमची. आपल्याकडच्या सावळ्या रंगात बऱ्याचदा पिवळसर किंवा सोनेरी झाक असते. त्यावर गुलाबी झाकेचं फाउंडेशन लावलं की चेहरा राखेसारखा दिसतो, मग शेड कितीही महाग असो. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, यावरून झाक ठरवायची म्हणतात, पण सावळ्या हातावर त्या नीट दिसतच नाहीत. लगेच पैसेही देऊ नका. चहा प्या, अर्ध्या तासाने परत बघा. त्वचेचं तेल मिसळलं की बरीच फाउंडेशनं गडद होतात, तेलकट चेहऱ्यावर तर जास्तच.

डबीवर ऑइल-फ्री, मॅट (चमक न आणणारं) आणि नॉन-कॉमेडोजेनिक (रोमछिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं बघा. तेल जावं म्हणून दिवसातून पाच वेळा साबण मात्र लावू नका. आपलं बोअरचं जड पाणी, त्यात साबण, चेहरा नुसता ताणतो. मग फाउंडेशन कोरड्या जागी पापुद्र्यासारखं बसतं आणि नाकावर तेल येतं ते येतंच. हलकं जेल मॉइश्चरायझर आधी लावा, पाच मिनिटं मुरू द्या, मग फाउंडेशन. तेही थोडंच आणि डाग असतील तिथेच. मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, जाड थर टिकत नाही. घाम आला की आधी टिश्यूने टिपा, पावडर नंतर. घामावर पावडर म्हणजे चिखल.

फाउंडेशनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असला तरी उन्हासाठी सनस्क्रीन वेगळं लावा, कारण तेवढं संरक्षण मिळेल इतकं फाउंडेशन कुणीच थापत नाही. रात्रीच्या फोटोंचं मात्र बघा: झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलं की फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो. घरी लाइट बंद करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा, लगेच कळेल.

एक न विचारलेलं सांगते. लग्नाआधी मेडिकलवरून गोरं करणारी ट्यूब कुणी आणून दिली तर लावू नका. अशा कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळ वाटतो, मग कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं. ते कुठलंच फाउंडेशन झाकत नाही.

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी एकदा भर दुपारी सगळा मेकअप करून बाजारात चक्कर मारून या. नथ घालणार असाल तर तीही घाला. त्या बाजूला अगदी कमी लावा, घामाने पहिलं तिथलंच निघतं.