गावचा जलतरण तलाव: पाणी बदलू नका, पाणी सांभाळा

मे महिन्यात आमच्या तलावाचं पाणी पंधरा दिवसांत हिरवं होतं. मग सगळं सोडून नव्यानं भरतो. इकडे वाड्यावस्त्यांवर टँकर सुरू, लोक चिडतात. तलाव बंदच करावा का?
*(ग्रामपंचायत सदस्य, आटपाडी तालुका)*

तलाव बंद करू नका, पाणी सोडणं मात्र आजच थांबवा. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३ लाख लिटर पाणी असतं. टंचाईत ते महिन्यातून दोनदा ओतून देणं मला गैरच वाटतं. त्याची गरजही नसते. क्लोरीन कमी पडलं, पीएच (पाणी आम्लधर्मी की क्षारधर्मी ते सांगणारा आकडा) वर गेला किंवा पंप पुरेसे तास चालला नाही की शेवाळ धरतं. मुक्त क्लोरीन (पाण्यात अजून कामाला शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, आणि पीएच ७.२ ते ७.८ राखला, तर तेच पाणी महिनोन् महिने चालतं. गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकाची ओटी टेस्ट (क्लोरीन आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) नळाच्या पाण्यासाठी ठीक आहे. तलावासाठी पीएचही दाखवणारं वेगळं किट घ्या आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा. उघड्या पोत्यातली टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) उन्हाळ्यात ताकद गमावते, शिवाय तिच्यातला चुना पीएच वाढवतो. ‘पोतं ओतलं तरी हिरवंच’ ही तक्रार बहुतेक तिथूनच येते.

आता उडून जाणारं पाणी. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात पातळी दिवसाला ८ मिलिमीटरनं उतरली, तर २ हजार लिटर गेलं. दुपारी आणि रात्री तलाव बंद असताना वर तरंगतं आच्छादन टाका, यातलं बरंचसं वाचेल. पोहायला सोडण्याआधी ते पूर्ण काढायचं. अर्धवट आच्छादनाखाली मूल अडकू शकतं.

पातळी त्याहून जास्त उतरत असेल तर गळती शोधा. तलावाच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा. बादलीतली आणि तलावातली पातळी सारखी करून खूण करा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला असेल तर पाणी जमिनीत मुरतंय.

डोळे चुरचुरतात, क्लोरीनचा उग्र वास येतो. पावडर कमी करू का?
*(तलावाचे देखरेखदार, कोरेगाव तालुका)*

न मोजता कमी करू नका. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून क्लोरामाइन बनतं, तो उग्र वास बहुतेक त्याचाच. साबण लावून अंघोळ केल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नका. पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

माझा चौदा वर्षांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. समिती म्हणते, रॅम्पला जागा नाही. तो काठावर बसून बघत राहतो.
*(एक आई, वाळवा तालुका)*

ताई, मुरलीकांत पेटकर तुमच्याच भागातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेल्या या जवानानं १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यातच भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं. त्या मातीतला मुलगा काठावर बसून राहावा, हे मला पटत नाही.

१ ला १२ या उतारानं एक मीटर खोल जायला १२ मीटर रॅम्प लागतो, त्यामुळे जुन्या तलावात जागेची अडचण खरी आहे. पण दुसरे मार्ग आहेत. काठाला साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचा रुंद कट्टा बांधला आणि धरायला दांडे बसवले, की खुर्चीतून कट्ट्यावर आणि तिथून पाण्यात सरकता येतं. हातात तेवढं बळ नसेल तर हातानं चालणारी लिफ्ट लागेल. त्याआधी समितीच्या लोकांना व्हीलचेअरवर बसवून फाटकापासून पाण्यापर्यंत न्या. कपडे बदलण्याच्या खोलीचा उंबरा, शौचालयाचं अरुंद दार, पाय धुण्याची चर, गुळगुळीत फरशी: चाक कुठे अडतं ते त्यांना स्वतः कळू दे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत लेखी मागणी करा.

पंपाचं बिल झेपत नाही. सौर बसवावं का?
*(सरपंच, पाटण तालुका)*

बसवा, तुमच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी सौरग्राम झाली आहे, तिथं जाऊन या. पण आधी वेग बदलणारा पंप घ्या. वेग निम्मा केला की वीज सुमारे एक अष्टमांश लागते. दुप्पट तास चालवला तरी खर्च चौथाईच्या आसपास येतो, मग सौर पॅनेलही कमी लागतात.

कृष्णेत मगरी, म्हणून मुलींना तलावावर पाठवावंसं वाटतं. पण महिलांची वेळ दुपारी एक ते दोन!
*(बचत गटाच्या सदस्या, पलूस तालुका)*

ती वेळ बदलून घ्या. सकाळचा किंवा शाळा सुटल्यानंतरचा तास मागा, तोही महिला जीवरक्षक असलेला. आणि नायलॉनची पूर्ण बाह्यांची, पायघोळ पोहण्याची कापडं चालतील असं नियमात लिहून घ्या. सुती पंजाबी ड्रेस भिजून जड होतो, ओढणी तर पाण्यात नकोच.